गिअरची तार : तिची बदली व छाटणी



यंत्राची सारी मदार त्याच्या मोठ्या भागांवर असते असा पुष्कळांचा समज असतो. परंतु गिअरच्या सायकलीकडे पाहावें. तिचा सांगाडा, चाकें, साखळी हीं सर्व उत्तम असलीं, तरी एक बारीक तार गंजली कीं साखळी नको तेथें उडी मारते व चढावर पाय गळतात. ही तार स्वस्त असते, आणि ती बदलण्याचें काम थोड्या सावधपणानें घरीं करण्याजोगें आहे. म्हणून त्याची रीत येथें क्रमानें दिली आहे.

तारेची रचना. लवचिक नळींतून तार ओढून दूरचा भाग हलविण्याची ही युक्ति बाउडन यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. इंग्लंडांत त्यांचें पेटंट १८९६ सालचें आहे. तार ओढली जाते तेव्हां नळी तितक्याच जोरानें दाबली जाते. जपानांतील शिमानो कंपनीनें १९८४ सालीं बाजारांत आणलेल्या पद्धतीनंतर खटक्या-खटक्यानें गिअर पडण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. तींत एका खटक्यास तार ठराविक अंतरच सरकली पाहिजे. नळी किंचित् आखडली तरी हिशेब चुकतो. यास्तव गिअरच्या नळींत पोलादी तारा लांबीच्या दिशेनें सरळ घातलेल्या असतात. ब्रेकच्या नळींत मात्र पोलादाचे मळसूत्राप्रमाणें वेढे असतात.

एक इशारा. पालकांनींही ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. गिअरची नळी ब्रेकला कधींही लावूं नये. दिसावयास दोन्ही जवळजवळ सारख्याच. पण ब्रेकचा जोर बसला म्हणजे त्या सरळ तारा नळी फाडून बाहेर येऊं शकतात. घाट उतरतांना असें झालें तर काय होईल हें सांगावयास नको. आंतील तारेंतही भेद आहे. गिअरची तार १.१ किंवा १.२ मिलिमीटर जाड असते, ब्रेकची १.५ किंवा १.६. दुकानांत नुसती ‘तार’ न मागतां कोणती तें स्पष्ट सांगावें.

तार केव्हां बदलावी ? तार बहुधा हँडलवरील खटक्याच्या आंत, टोकाच्या गोळीजवळ, जेथें ती वांकते तेथें झिजते. तेथें एकेक पेड तुटत असतो व बाहेरून कांहींच दिसत नाहीं. गिअर नीट जुळवूनही दोन दिवसांत पुन्हा बिघडूं लागले, तर तोच इशारा समजावा. तार पूर्ण तुटल्यावर गोळी व तुटके पेड आंत अडकतात व तीं काढणें कठीण जातें.

कामाची रीत. मागील गिअरचें उदाहरण घेऊं. मागचें चाक उचलून पॅडल फिरवीत साखळी सर्वांत लहान चक्रावर आणावी. म्हणजे नेहमींच्या प्रकारच्या गिअरची तार ढिली पडते. तार कोठून कशी गेली आहे याची आकृति वहींत काढावी. मग मागील बोल्ट सैल करून, तारेचें टोपण कापून, ती पुढें ढकलावी. गोळी खटक्यांतून बाहेर येते.

नवी नळी जुनीच्या मापानें कापावी. मात्र हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळविलें तरी नळी ताणतां कामा नये. साध्या पकडीनें नळी चेपते, म्हणून धारदार केबल-कटर वापरावा. कापलेलें तोंड कानशीनें सपाट करावें, आंतील अस्तर दाभणानें मोकळें करावें व दोन्ही टोकांस टोप्या बसवाव्यात.

आतां तार न मुरडतां ओंवावी. ताण जुळविण्याचा गोल पेंच पूर्ण आंत फिरवून एक फेरा मागें घ्यावा, तार हातानें ताणून बोल्ट आवळावा. नंतर सर्व गिअर अनेक वेळां टाकून पाहावेत. टोप्या जागेवर बसल्यामुळें तार थोडी सैल पडेल; ती पुन्हा ताणावी. साखळी मोठ्या चक्रावर चढण्यास कुरकुरली तर पेंच थोडा बाहेर, लहान चक्रावर उतरण्यास अडली तर थोडा आंत फिरवावा. साखळीची सीमा ठरविणाऱ्या दोन स्क्रूंस हात लावूं नये. ते चुकल्यास साखळी चाकाच्या तारांत जाऊं शकते.

छाटणी. हें शेवटचें काम. तें आधीं कधींही करूं नये. कापलेल्या टोकाचे पेड सुटले कीं तार नळींतून पुन्हा जात नाहीं. बोल्टपासून तीन-चार सेंटिमीटर तार ठेवून एकाच घावांत कापावी. फार आंखूड ठेवल्यास पुढें ताणतांना पकडींत येत नाहीं. फार लांब ठेवल्यास चाकांत अडकते. लगेच टोपण घालून पकडीनें दाबावें, नाहींतर सुटे पेड सुईसारखे बोटांत शिरतात. जमिनीवर पडलेले तुकडेही वेंचून टाकावेत; ते अनवाणी पायास व ट्यूबला सारखेच बोंचतात.

बालमित्रांनो, तार लहान, काम लहान. पण क्रम चुकला तर नवी तार वायां जाते. आधीं पारखावें, मग जुळवावें, आणि छाटावें तें सर्वांच्या शेवटीं.