रोजकीर्द, खतावणी आणि अचानक गेलेली वीज

प्रबंधाचे टंकलेखन चालू असताना वीज जाते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर फाइल उघडत नाही. 'करप्ट झाली' एवढेच म्हणून आपण थांबतो. नेमके काय बिघडले हे समजायला जुन्या पेढीवरचे दोन शब्द उपयोगी पडतात : रोजकीर्द आणि खतावणी.

डिस्कवर फाइलचा मजकूर सलग असेलच असे नाही. तो तुकड्यातुकड्यांनी राहतो. कोणता तुकडा कोणत्या फाइलचा, कोणती जागा मोकळी, याची नोंद वेगळी असते. ही झाली खतावणी. फाइल जतन करताना मजकूर, तिचा आकार, मोकळ्या जागेचा हिशेब असे बरेच काही बदलावे लागते. त्यातले अर्धे होऊन वीज गेली की खतावणी जुळत नाही. पेन ड्राइव्हवर अजून आढळणाऱ्या फॅट पद्धतीत तपासणीनंतर 'सीएचके' नावाचे बेवारस तुकडे सापडतात, ते यातूनच.

यावरचा उपाय कोणाही दिवाणजीला ओळखीचा वाटेल : आधी कीर्दीत टिपायचे, मग खतवायचे. वीज गेलीच तर कीर्द पाहून अर्धवट व्यवहार पुरा करायचा किंवा रद्द करायचा. विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आलेली एनटीएफएस आणि लिनक्समध्ये २००१ साली दाखल झालेली ईएक्सटी३ या पद्धती अशी कीर्द ठेवतात. तिचे इंग्रजी नाव 'जर्नल'च आहे.

मात्र ही कीर्द बहुधा हिशेब सांभाळते, मजकूर नव्हे. फाइलचे नाव जागेवर, आकार बरोबर आणि आत नुसती शून्ये, असे खतावणी चोख असतानाही होऊ शकते.

फाइलच्या प्रकारानेही फरक पडतो. डॉक्स फाइल म्हणजे आवळून बांधलेले गाठोडे. त्याची सूची अगदी शेवटी असते. शेपूट तुटले की सगळे गाठोडेच उघडेनासे होते. युनिकोडमधील साध्या मजकुराची फाइल तुटली, तर तुटीपर्यंतचे सारे वाचता येते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून फार तर शेवटचे चिन्ह बिघडेल. ओव्या, म्हणी, बोलींतील शब्द गोळा करणाऱ्यांनी, विशेषतः सांगणारी माणसे आता हयात नसतील तेव्हा, डॉक्सबरोबर अशी साधी प्रत ठेवावीच. ती दुसऱ्या डिस्कवर हवी.

आणि फाइल बिघडलीच, तर त्या डिस्कवर नवे काही लिहू नये. दुरुस्तीची आज्ञा देण्याआधी संपूर्ण डिस्कची प्रत घ्यावी. कारण ती आज्ञा खतावणी जुळवते, आणि जुळवताना हरवलेला मजकूर पुसलाही जाऊ शकतो.