घरचा मडफ्लॅप: खर्च शंभराच्या आसपास

पावसाळ्यात अंजूरफाट्याहून गोदामांच्या दिशेने रोज बाइक नेणाऱ्याला हे सांगायला नको. कंटेनरच्या चाकांनी रस्त्यावर घुसळलेला चिखल आपल्याच पुढच्या चाकाने उडतो आणि बूट, इंजिन, सायलेन्सरचा बेंड यांवर बसतो. एअरकूल्ड इंजिनच्या फिन्समध्ये तो वाळला की इंजिनची उष्णता नीट बाहेर पडत नाही. म्हणून आधी पुढच्या चाकाचा फ्लॅप करा.

खर्च (अंदाजे)
- जुन्या ट्रक टायरमधलं, ट्यूबखालचं जाड रबर, पंक्चरवाल्याकडून: २० ते ४० रुपये
- ६ मिमीचे दोन बोल्ट, नायलॉक नट, चार रुंद वॉशर: ३० रुपये
- भोकं गॅरेजमध्ये पाडून घेतल्यास: ५० रुपये

घरी ड्रिल असेल तर ७० रुपयांत काम होतं. तयार फ्लॅप बसवून घ्यायला १५० ते ३०० रुपये धरा. नुसती ट्यूब मात्र घेऊ नका. ती पातळ असते, वेगात वाऱ्याने मागे उडते.

माप
आधी खोक्याचा पुठ्ठा कापून मडगार्डला चिकटपट्टीने लावून बघा. वरची रुंदी मडगार्डएवढी, खाली दोन सेंमी जास्त. जमिनीपासून १२ ते १५ सेंमी मोकळे हवेत, नाहीतर गतिरोधकावर फ्लॅप घासतो. पुठ्ठा जमला की तसंच रबर कापा. कटरला साबणाचं पाणी लावलं की पातं अडकत नाही.

बसवणं
प्लास्टिकच्या मडगार्डला आधी ३ मिमीचं भोक पाडा, मग ६ मिमीचं. भोक कडेपासून दीड सेंमी तरी आत घ्या. बोल्टचं गोल, चपटं डोकं टायरच्या बाजूला आणि नट बाहेर. उलटं बसवलं तर बोल्टचं टोक टायर कापेल. दोन्ही बाजूंना वॉशर हवेतच. दहा नंबरच्या पान्याने वॉशर टेकेपर्यंतच आवळा, त्यापुढे प्लास्टिक तडकतं.

तपासणी
पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात खाली दाबा. पुढचं मडगार्ड चाकाबरोबर वर सरकतं, तेव्हा फ्लॅप गरम बेंडला टेकता कामा नये. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही बघा. मागेही फ्लॅप लावणार असाल तर नंबर प्लेट आणि लाइट झाकू नका.

पैसे वाचवायचे तर रबरात वाचवा, नट-वॉशरमध्ये नको. सुटलेला फ्लॅप चाकात गेला तर जिवावर बेतू शकतं. आठवड्यातून एकदा नट हाताने हलवून बघा.