पत्राखाली सही कर

चि. भाचीस,

फादरांना द्यायच्या पत्राचा मसुदा वाचला. हॉलच्या वर्गणीचा हिशेब तू मागतेस ते योग्यच आहे. ‘फादरांना असं विचारायचं नसतं’ असं आजी म्हणाली खरी, पण ख्रिस्तसभेत तसा नियम नाही. 1983च्या कॅनन कायद्याचं 212वं कलम बघ. ख्रिस्तसभेच्या हिताच्या बाबतीत आपलं मत धर्माधिकाऱ्यांना कळवण्याचा प्रापंचिकांना हक्क आहे, प्रसंगी ते कर्तव्यच आहे. मात्र आदर राखून. भाविकांच्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असं 1287वं कलम सांगतं. शिवाय प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. तेव्हा तू काही मेहेरबानी मागत नाहीस.

म्हणूनच ‘आमचा पैसा कुणाच्या खिशात गेला?’ हे वाक्य खोड. ते तुला ठाऊक नाही. वर्गणी जमली, पावत्या मिळाल्या, काम जोत्यापर्यंत येऊन थांबलं आणि जमाखर्च कुणी वाचून दाखवला नाही, एवढंच ठाऊक आहे. तेवढंच लिही. खाली विचार: हिशेब कोणत्या रविवारी मिस्सेनंतर मांडणार? आरोप केलास तर फादर रागावतील आणि हिशेब बाजूलाच राहील. तारीख मागितलीस तर ती द्यावी लागते.

आदर राखायचा म्हणजे मिळमिळीत लिहायचं, असं मात्र नाही. सिएनाची संत कॅथरिन एका रंगाऱ्याची मुलगी. पोप अकरावे ग्रेगरी आजच्या फ्रान्समधल्या आव्हिन्योंला राहत होते. तिने त्यांना पत्रं धाडली, 1376 मध्ये स्वतः तिथे गेली. रोमला परत चला, वाईट मेंढपाळांना आवरा, असं निक्षून सांगितलं. हाक मात्र ‘बाबा’ अशीच मारली. जानेवारी 1377 मध्ये पोप रोमला पोहोचले. एकट्या तिच्यामुळे, असं मी म्हणणार नाही. पण तिच्या बोलण्याला वजन होतं, कारण तिचं ख्रिस्तसभेवर प्रेम होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

पत्र व्हॉट्सॲपवर फिरवू नकोस. आधी फादरांच्या हातात दे, प्रतीवर पोच घे. उत्तर आलं नाही तर अर्थसमिती, मग बिशप. निनावी तर मुळीच नको.

एका बाबतीत मात्र ही पायरी-पायरीची वाट धरायची नाही. लहान मुलाशी गैरवर्तन झाल्याचं कानावर आलं, तर थेट पोलिसांकडे जायचं. 2012च्या पॉक्सो कायद्याने ते बंधनकारक आहे, मग समोर कुणीही असो.

मसुदा सुधारून पाठव. सह्यांमध्ये माझंही नाव घाल.

तुझी मावशी