दोघंही सिकलसेलचे वाहक असतील तर

पांढुर्णा-सौंसरकडे आशाताई सिकलसेलची तपासणी करायला सांगतात, तेव्हा बाईचं रक्त लगेच घेतलं जातं. नवऱ्याचं मात्र राहून जातं, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

1. दिवस राहिल्याचं कळताच तपासणी करा. सोल्युबिलिटी चाचणीतून रक्तात सिकलसेलचा दोष आहे एवढंच समजतं. वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), ते एचपीएलसी चाचणी सांगते. बाई वाहक निघाली तर त्याच आठवड्यात नवऱ्याचीही एचपीएलसी करा. त्यात थॅलेसेमियाचा वाहकही सापडतो, आणि सिकलसेलशी त्याची जोडी पडली तरी बाळाला आजार होऊ शकतो.

2. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. पहिलं लेकरू धडधाकट आहे म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही.

3. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजा. पोटातल्या बाळाला आजार आहे का हे तपासायला 11 ते 14 आठवड्यांत सुईने वारेचा बारीक तुकडा घेतात. 15 नंतर गर्भजल. ही सोय गावात नसते, म्हणून नागपूरला वेळ आधीच ठरवा. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेतही ही तपासणी होते. जाताना दोघांचे रिपोर्ट न्या.

4. सुईमुळे गर्भपात होऊ शकतो. अनुभवी हातांत ही जोखीम दोनशेत एकाहून कमी मानतात, पण शून्य नाही. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं विचारा. नंतर ताप, रक्तस्राव, पाणी जाणं किंवा पोटात कळा आल्या तर थांबू नका, दवाखाना गाठा.

5. गर्भलिंग निदानाबाबतच्या 1994 च्या कायद्याप्रमाणे या तपासणीला लेखी संमती लागते. कागद मराठीत किंवा हिंदीत वाचून घ्या, सही बाईची, प्रत घरी. सासूची 'हो' चालत नाही. मुलगा की मुलगी हे कुणी सांगणार नाही, विचारूही नका. रिपोर्ट एसएस आला तरी गर्भ ठेवायचा की नाही, हे बाईनेच ठरवायचं. गर्भपाताच्या कायद्यात 2021 च्या सुधारणेनुसार मुदतीचे नियम आहेत, म्हणून डॉक्टरांना उशीर न करता भेटा.

6. सुई नको असेल तर तोही निर्णय चुकीचा नाही. खासगी लॅबची 'आईच्या रक्तातून बाळाची तपासणी' मुख्यतः डाऊन सिंड्रोमसारख्या दोषांसाठी असते; सिकलसेलसाठी तिच्यावर पैसे घालू नका. त्यापेक्षा बाळंतपण दवाखान्यात करा आणि जन्मतःच बाळाचं रक्त एचपीएलसीला द्या. सोल्युबिलिटी चाचणी पहिल्या सहा महिन्यांत फसवते. बाळ एसएस निघालं तर दोन महिन्यांपासून पेनिसिलिन, न्यूमोकोकलची लस, पुढे गरजेप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया.