बोलणी, करणी आणि कीर्तिकठिया

'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' अशी एक म्हण मराठीत फार जुन्या काळापासून चालत आली आहे. वरून गोड आणि आतून कपटी अशा मनुष्याला उद्देशून ती म्हटली जाते. 'मानभावी' हे विशेषणही त्याच अर्थाने रूढ झालेले आहे. 'मानभाव' हे 'महानुभाव' ह्या नावाचेच बोलीतील रूप होय. ज्या पंथाने अहिंसा, वैराग्य आणि नम्रता ह्यांना आचाराचा पाया मानले, त्याचेच नाव दांभिकतेची खूण व्हावे, ही गोष्ट सद्भक्तांच्या मनाला लागते. परंतु केवळ खंत करून किंवा रागावून तिचा उलगडा होत नाही. ही निंदा कोठून उपजली, तिच्यात पाहणाऱ्याचा भाग किती व दिसणाऱ्याचा किती, आणि साधकाने तिच्याविषयी कोणती वृत्ती ठेवावी, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

प्रथम म्हणीचाच अर्थ घेऊ. तिच्यात मानभावाची करणी वाईट असे कोठेही म्हटलेले नाही. क्रूर करणी कसाबाच्या पदरी घातली आहे. मानभावाकडून घेतली आहे ती केवळ बोलणी. म्हणजे ज्या लोकांनी ही म्हण घडविली, त्यांच्या कानाला महानुभाव साधूची वाणी मृदू म्हणून परिचित होती. इतकी, की मृदू वाणीला दुसरी उपमा त्यांना शोधावी लागली नाही. निंदेच्या पोटात ही एक साक्ष दडलेली आहे. मात्र पुढे ऐकणाऱ्यांनी दोन्ही पदे एकत्र करून कपटाचा आरोप मानभावावरच ठेवला. असे का झाले?

मनुष्य दुसऱ्याचे अंतःकरण पाहू शकत नाही. तो वेष पाहतो, शब्द ऐकतो, आणि उरलेले अनुमानाने भरून काढतो. शिरपूरसारखे बाजारपेठेचे गाव घ्यावे. अरुणावतीच्या काठचे, मुंबई-आग्रा मार्गावरचे हे गाव. येथे अहिराणी बोलणारा शेतकरी येतो, गुजर येतो, सातपुड्यातून पावरा आणि भिल्ल बांधव उतरतात. अशा गावी अपरिचित साधू भिक्षेला आला तर तो कोणत्या शास्त्राचा अभ्यासी आहे हे दारातल्या माउलीला ठाऊक नसते. तो कसा उभा राहिला, कसा बोलला, मिळाले ते कसे घेतले आणि न मिळाले तेव्हा कसा वळला, एवढ्यावरून ती आपले मत बनविते. जे तिला दिसत नाही, तेथे ती तर्क करते. दिसण्यात जितके झाकलेले अधिक, तितका तर्काला वाव अधिक.

पंथाच्या इतिहासात नेमके हेच घडले. आरंभी पंथाचे द्वार मोकळे होते. स्मृतिस्थळात एक प्रसंग आहे. आचार्य नागदेव तथा भटोबास ह्यांनी केशवदेवांना संस्कृतात निरूपण करू दिले नाही, कारण त्यामुळे आपल्या भोळ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील अशी त्यांना चिंता होती. ऐकणारा कोण आहे हे पाहून भाषा निवडणे, हा आचार्यांनी घालून दिलेला धडा होय. परंतु पुढील शतकांत ग्रंथरक्षणाच्या काळजीपोटी पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जाऊ लागल्या. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य अशा अनेक लिप्या निर्माण झाल्या. पोथ्या राखल्या गेल्या, हा ह्या लिप्यांचा मोठा उपकार आहे. पण त्याची किंमतही पडली. शेजाऱ्याला वाचता न येणारी पोथी आणि त्याच्या परिचयाचे नसलेले काळे वस्त्र, ह्यांवरून त्याने आपल्याच मनातील भय त्या पोथीत वाचले.

हे भय निराधार होते, हे पोथ्या उघडताच दिसले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ह्यांनी सकळ लिपीची उकल अभ्यासकांपुढे मांडली. राजवाड्यांचा देह १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यास पडला. शिरपूरहून तापी ओलांडून दक्षिणेस गेले की ते नगर लागते, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे १९२७ साली स्थापन झाले. पुढे वि. ल. भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते अशा विद्वानांनी हे वाङ्मय प्रकाशात आणले. त्या लिप्यांच्या आड काय होते? सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळा होत्या, श्रीकृष्णचरित्र होते, नरेंद्राचे रुक्मिणीस्वयंवर आणि भास्करभट्टांचा शिशुपाळवध होता. मराठी गद्याचा इतिहास लीळाचरित्रापासून मांडावा लागला. २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले ते म्हाइंभटांच्या रिद्धपुरीच. पोथीतील अक्षर पूर्वीचेच होते. ते लोकांना दिसू लागले, एवढाच पालट झाला.

येथे शंका अशी येते : दिसण्याने लोकमत पालटते, तर साधकाने लोकांना बरे दिसण्याचा यत्न करावा काय?

समाधान : नाही. ह्यासाठीच कीर्तिकठियाचा दृष्टान्त आहे. कठिया म्हणजे देवळातील सेवेकरी. तो देवाची सेवा निष्ठेने करीत असे. येणारेजाणारे लोक 'हा कठिया भला' म्हणून त्याची वाखाणणी करू लागले, आणि ती स्तुती त्याला गोड वाटू लागली. सेवा तीच राहिली, हातही तेच राहिले. परंतु देवसेवेचे फळ गेले आणि पदरी केवळ कीर्ती उरली. सर्वज्ञांनी हा दृष्टान्त खुद्द नागदेवाचार्यांना निरूपिला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याचे वैराग्य खरे, त्यालाच ह्या विकाराचे भय अधिक. कारण स्तुती त्याचीच होते.

तेव्हा दोन टोके टाळावयाची आहेत. 'लोक काय म्हणतील ते म्हणोत' असे म्हणून दुर्मुखलेला, उद्धट किंवा गूढ राहणारा साधक दारातल्या माउलीच्या मनात विकल्प उत्पन्न करतो. तिला धर्माविषयी जी अप्रीती वाटते, तिचा काही वाटा त्याचा आहे. उलट, तिच्या डोळ्यांत भरावे म्हणून नम्र होणारा साधक कठिया होतो. आणि कोणी पाहत नसता त्याची करणी निराळी असेल, तर ती म्हण त्याच्यापुरती खरी ठरते. पहिला दुसऱ्याचे अहित करतो, दुसरा स्वतःचे.

ह्या दोहोंमधील वाट आचार्यांच्या त्या प्रसंगातच दाखविलेली आहे. भटोबासांनी मराठीचा आग्रह धरला तो म्हाताऱ्यांनी आपल्याला वाखाणावे म्हणून नव्हे, त्या ज्ञानाला मुकू नयेत म्हणून. समोरच्याच्या हितासाठी स्वच्छ, मृदू आणि उघड वागणे हे दयेचे अंग आहे. तेच वागणे मानासाठी केले की विकार होतो. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात. भेद ज्याचा त्याने आपल्या ठिकाणी पाहावयाचा. त्याची कसोटीही सोपी आहे. ज्या दारी कोणी ओळखत नाही, जेथे भिक्षा मिळाली नाही आणि कोणी पाहतही नाही, तेथून वळताना मुखी जो शब्द आणि मनी जो भाव असेल, तोच साधकाचा खरा वेष. वासनिकांनाही हाच न्याय लागू आहे. शिरपूरच्या बाजारात माप घालताना, शेतावर मजुराशी बोलताना, घरी सुनेला हाक मारताना जी वाणी निघते, तिच्यावरून शेजारी पंथाची परीक्षा करीत असतात.

म्हण कोणाच्या आज्ञेने भाषेतून निघून जात नाही. तिच्यातील बोलणी पूर्वजांनी कमावलेली आहे. त्या बोलणीला शोभेल अशी करणी राखणे, एवढे काम आजच्या अनुयायांकडे उरले आहे.