कोकम : कोणते आणि किती?

उन्हातून आलेल्या पाहुण्याच्या हाती कोकम सरबताचा पेला देणे ही आपली जुनी रीत. "पित्तावर कोकम" हेही आपण आजीपासून ऐकत आलो. मात्र मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी पेला तोंडाला लावण्यापूर्वी त्यात काय आहे ते जाणून घ्यावे.

कोकम, म्हणजेच रातांबा, हे सह्याद्रीच्या सदाहरित जंगलातले झाड. कोकण व गोव्यात ते परसातही लावतात. नर व मादी झाडे वेगळी असतात. रोपे लावली तर नर किती निघतील हे आधी कळत नाही, म्हणून कलमे लावणे चांगले. फळे एप्रिल-मे महिन्यांत पिकतात. पावसात सापडलेली फळे नासतात आणि साली वाळत नाहीत, म्हणून काढणीची घाई असते.

एकाच फळाचे चार पदार्थ होतात :

१) आमसूल : साली मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात.

२) आगळ : मीठ घालून टिकवलेला रस. उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी टाळावा.

३) अमृत कोकम : साखरेत मुरवलेला अर्क. मधुमेहींनी घेऊ नये.

४) मुठेल : बियांचे घट्ट तेल. भेगाळलेल्या टाचांना लावतात.

मग सरबत प्यायचेच नाही का? जरूर प्यावे. चार-पाच आमसुले झटकन धुऊन पेलाभर पाण्यात अर्धा तास भिजवावीत, कुस्करून गाळावे व जिरेपूड घालावी. वरून मीठ-साखर नको. पिऊन छातीत जळजळ वाढली तर मात्र बंद करावे.

अंगावर पित्त उठल्यास आमसुलाचे पाणी लावण्याची पद्धत आहे. त्याने खाज कमी वाटेलही. पण ओठ, चेहरा सुजला किंवा श्वास घेणे जड झाले तर घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. अशा वेळी उशीर जिवावर बेतू शकतो.

आणखी एक. कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असते. ते असलेल्या वजन घटवण्याच्या काही गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतले आमसूल निराळे आणि गोळीतला अर्क निराळा. तेव्हा आमसूल स्वयंपाकघरात असू द्यावे. गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.