कानाची अमानत : व्यायाम करताना काय ऐकावे, कसे ऐकावे?

दिव्य कुरआनच्या सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:३६) अल्लाह मानवाला बजावतो की, ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्यामागे त्याने लागू नये. कारण कान, डोळे आणि अंतःकरण यांपैकी प्रत्येकाविषयी त्याला जाब विचारला जाईल. या तिन्हींत कानाचा उल्लेख प्रथम आला आहे. डोळ्याला पापणी आहे, जिभेपुढे दात आणि ओठ आहेत; कानाला मात्र निर्मात्याने झाकण दिलेले नाही. माणूस झोपलेला असतानाही कान जागा असतो. फजरची अजान, आजारी आईची हाक, रस्त्यावरच्या वाहनाचा इशारा हे सारे आपल्यापर्यंत याच उघड्या दारातून पोहोचते. कान ही अल्लाहची अमानत आहे. ती आपल्याकडे ठेव म्हणून आहे आणि ठेवीचा हिशेब द्यावा लागतो.

या हिशेबाचा विचार करण्याचे निमित्त एका तरुणाच्या प्रश्नाने मिळाले. आमच्या चाळीसगावात फजरनंतर बाहेर पडले की मालेगाव रस्ता, धुळे रस्ता, कन्नड घाटाकडे जाणारा रस्ता अशा सर्वच दिशांना माणसे चालताना, धावताना दिसतात. त्यांत मधुमेहामुळे डॉक्टरांनी चालायला सांगितलेले ज्येष्ठ असतात, भगिनी असतात आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले असतात. बहुतेकांच्या कानांत इअरफोन असतात. १९७९ च्या जुलै महिन्यात जपानमध्ये कमरेला अडकविण्याचा वॉकमन विक्रीस आला, २००१ मध्ये खिशात मावणारा आयपॉड आला आणि आता ते काम प्रत्येकाचा मोबाईलच करतो. भरतीची तयारी करणाऱ्या या तरुणाने विचारले, “मौलाना, धावताना गाणी ऐकली तर चालतात का? गाण्याशिवाय सोळाशे मीटरचा शेवटचा फेरा ओढवत नाही.” प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तरही सविस्तर देणे आवश्यक आहे.

व्यायाम हे पुण्यकर्म होऊ शकते

प्रथम हे स्पष्ट असावे की, शरीर सुदृढ राखणे ही दुनियादारी नव्हे. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सशक्त श्रद्धावंताला दुर्बल श्रद्धावंतापेक्षा उत्तम आणि अल्लाहला अधिक प्रिय म्हटले, आणि दोघांतही भलाई असल्याचे सांगितले. सहीह बुखारीत आदरणीय इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेल्या कथनात आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांबाबत पुष्कळ लोक तोट्यात राहतात, असा इशारा आहे. प्रेषितांनी (स.) आदरणीय आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती. पहिल्या वेळी त्या जिंकल्या आणि पुढे एकदा प्रेषित (स.) जिंकले, असे अबू दाऊदच्या संग्रहात नमूद आहे. सहाबांमध्ये सलमा बिन अकवअ (रजि.) हे पायांच्या वेगासाठी प्रख्यात होते. तेव्हा नियत शुद्ध असेल, तर पहाटेचे धावणेही सवाबाचे कारण होऊ शकते. परंतु कर्म पुण्याचे असेल, तर त्याची साधनेही स्वच्छ असली पाहिजेत.

लय आणि श्रम यांचे नाते

“गाण्याने पाय हलके होतात” हा त्या तरुणाचा अनुभव खोटा नाही. व्यायामशास्त्राचे संशोधनही सांगते की, मध्यम श्रमात लयबद्ध संगीताने थकव्याची जाणीव कमी होते. पराकोटीच्या श्रमात मात्र हा परिणाम फारसा उरत नाही. आपल्या खान्देशच्या मातीला तर हे पुस्तकाविना ठाऊक आहे. जात्यावर दळताना, शेतात काम करताना स्त्रियांनी ओव्या रचल्या. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांची कविता अशाच श्रमांतून उमलली.

सीरतमध्येही याची उदाहरणे आहेत. खंदकच्या प्रसंगी मदीनेच्या रक्षणासाठी खोदकाम चालू असताना सहाबा लयीत काव्यपंक्ती म्हणत होते, आणि स्वतः माती वाहणारे प्रेषित (स.) त्यांच्या स्वरात स्वर मिळवीत होते. अंजशा (रजि.) हे प्रवासात उंट हाकताना गोड गळ्याने गात. त्या आवाजाने उंटांचा वेग वाढला आणि उंटांवर स्त्रिया बसलेल्या होत्या. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सावकाश हाकण्यास सांगितले आणि त्या स्त्रियांना नाजूक काचपात्रांची उपमा दिली. हा प्रसंग बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. येथे गळ्यातील लयीला मनाई झाली नाही. पण त्या लयीच्या भरात शेजारच्या माणसाचा विसर पडू नये, ही शिकवण मिळाली. या लेखाचे सूत्र हेच आहे.

वाद्यसंगीताविषयी शरीअतचा आदेश

वरील प्रसंगांत वाद्ये नव्हती, हे लक्षात घ्यावे. सहीह बुखारीतील एका हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) भाकीत केले की, उम्मतमधील काही लोक व्यभिचार, रेशीम, मद्य आणि वाद्ये यांना वैध मानू लागतील. सूरह लुकमानमधील (३१:६) मन रिझवून अल्लाहच्या मार्गापासून दूर नेणाऱ्या गोष्टींचा उल्लेख आदरणीय इब्ने मसऊद (रजि.) यांनी गायनाशी जोडला आहे. या आधारांवर चारही मजहबांच्या बहुसंख्य विद्वानांनी वाद्यसंगीत ऐकणे अवैध ठरविले. ईद व विवाहप्रसंगी दफ वाजविण्यास सवलत मान्य केली. इब्ने हज्म (निधन हि. ४५६) यांच्यासारख्या काही विद्वानांनी हदीसच्या सनदेवर आक्षेप घेऊन वेगळे मत मांडले, हेही प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. तथापि बहुसंख्य मुहद्दिसांनी ती हदीस ग्राह्य मानली आहे आणि आमचे विद्वान याच मतावर आहेत. शब्द अश्लील असतील, वासना चाळवणारे असतील, तर मतभेदालाही जागा उरत नाही.

व्यायामशाळेत मालकाने मोठ्याने गाणी लावलेली असतील, तर काय करावे, असेही विचारले जाते. मराठीत ‘कानावर पडणे’ आणि ‘कान देणे’ असे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत. फुकहांनी नेमका हाच भेद केला आहे. इच्छा नसताना जे कानावर पडते त्याबद्दल पकड नाही. जाणूनबुजून कान देण्याबद्दल आहे. शक्य असेल तर आवाज कमी करण्याची नम्र विनंती करावी किंवा गर्दी नसलेली वेळ निवडावी.

त्या तरुणाला मी आणखी एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. भरतीच्या मैदानावर मोबाईल नेऊ देत नाहीत. आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्सच्या नियमांतही स्पर्धेच्या वेळी धावपटूला असे उपकरण जवळ बाळगण्यास मनाई आहे. जी कुबडी परीक्षेच्या दिवशी काढून घेतली जाणार, तिच्यावर सराव कशासाठी करावा? पावलांच्या तालावर श्वास बांधावा आणि त्या श्वासावर ‘सुब्हानल्लाह’, ‘अल्हम्दुलिल्लाह’चा जिक्र करावा. ही लय कोणी काढून घेऊ शकत नाही.

मग तिलावत लावली तर?

येथपर्यंत वाचून अनेक वाचक म्हणतील की, आम्ही गाणी ऐकतच नाही, कुरआन ऐकतो. मीही असेच समजत होतो.

गेल्या हिवाळ्यातील गोष्ट आहे. फजरची नमाज पढवून मी नदीकाठच्या रस्त्याने चालायला निघालो. दोन्ही कानांत इअरफोन होते आणि एका नामवंत कारींच्या आवाजात सूरह रहमान चालू होती. मन प्रसन्न होते. दोन दिवसांनी मोहल्ल्यातील एक वृद्ध चाचा काठी टेकीत मशिदीत आले. पायाला पट्टी होती. मी विचारपूस केली, तेव्हा ते म्हणाले, “इमामसाहेब, परवा त्या पुलाजवळ पाय मुरगळून बसलो होतो. तुम्ही समोरून गेलात. मी तीन वेळा सलाम केला. तुमचे ओठ हलत होते. कुरआन ऐकत असाल असे समजून गप्प राहिलो.” शेवटी एका दूधवाल्या भाऊंनी त्यांना गाडीवर बसवून घरी पोहोचविले. चाचांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच मला ते अधिक लागले. ज्या ग्रंथात गरजवंताकडे लक्ष देण्याची आज्ञा पुनःपुन्हा आली आहे, तोच ऐकत मी एका गरजवंताला ओलांडून गेलो होतो.

त्या दिवशी मी स्वतःला दोन प्रश्न विचारले. पहिला असा की, मी खरोखर कुरआन ‘ऐकत’ होतो काय? सूरह अअराफमध्ये (७:२०४) आदेश आहे की, कुरआन पठण केले जात असेल तेव्हा लक्षपूर्वक ऐकावे आणि शांत राहावे. लक्ष पावले मोजण्यात, मनात दिवसाची कामे आणि कानांत अल्लाहची वाणी, हा त्या वाणीचा आदर नव्हे. चालताना तिलावत ऐकणे मुळात वैध आहे. सूरह आले इम्रानमध्ये (३:१९१) उभे, बसलेले आणि पहुडलेले असताना अल्लाहचे स्मरण करणाऱ्यांची प्रशंसा आहे. पण अट लक्षाची आहे. धाप लागेपर्यंत धावताना, वजन उचलताना ती पाळता येत नाही. अशा वेळी तिलावत बंद ठेवणेच अदबीचे. सावकाश चालताना मन लागत असेल, तर अवश्य ऐकावी. ध्वनिमुद्रित तिलावतीत सजद्याची आयत आली तर सजदा वाजिब होत नाही, असे भारतीय उपखंडातील बहुतेक हनफी मुफ्तींचे मत आहे; म्हणून त्याबाबत मनात घोर बाळगू नये.

रस्त्याचा हक्क

दुसरा प्रश्न अधिक कठीण होता. मी काय ऐकत होतो यापेक्षा, मी काय ऐकण्याचे नाकारले होते? बुखारी व मुस्लिममधील हदीसनुसार प्रेषितांनी (स.) रस्त्यावर बसणाऱ्यांना रस्त्याचा हक्क अदा करण्यास सांगितले. नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामचे उत्तर देणे, भल्याचा आदेश देणे आणि वाईटापासून रोखणे, हे ते हक्क होत. यांतील सलामचे उत्तर कान उघडा असल्याशिवाय देता येत नाही. सलाम करणे सुन्नत आहे, पण उत्तर देणे वाजिब आहे (पाहा ४:८६). घोळक्यातील एकाने उत्तर दिले तर सर्वांची जबाबदारी उतरते. एकट्या चालणाऱ्याचे उत्तर दुसरा कोण देणार? ज्याला ऐकूच आले नाही तो गुन्हेगार नाही, हे खरे. परंतु ऐकूच येऊ नये अशी व्यवस्था आपणच करून ठेवली असेल, तर अल्लाहपुढे ही सबब सांगताना संकोच वाटला पाहिजे. अजानचेही तसेच. मुअज्जिनचे शब्द ऐकून ते उच्चारावेत, अशी शिकवण आहे. संध्याकाळी मैदानावर धावणाऱ्या किती मुलांच्या कानांपर्यंत मगरिबची अजान पोहोचते?

जिवाचा आणि कानाचा हक्क

सूरह बकरामध्ये (२:१९५) स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, असे फर्मान आहे. चाळीसगाव हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील जंक्शन आहे. येथूनच धुळ्याचा फाटा निघतो. रुळांच्या कडेने चालणारी, रूळ ओलांडणारी मुले आपण रोज पाहतो. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. एका सलामला उत्तर देण्यास लागणाऱ्या दोन सेकंदांत ती पन्नासाहून अधिक मीटर पुढे आलेली असते. कान बंद असलेल्याला तिचा भोंगा फार उशिरा कळतो. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना वावरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हाही आहे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही तिर्मिजीतील हदीसची शिकवण येथे जशीच्या तशी लागू पडते.

आवाजाच्या पातळीकडेही लक्ष हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. ९० डेसिबलला ही मर्यादा केवळ चार तासांवर येते. अंतर्कर्णातील सूक्ष्म केसांसारख्या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. रस्त्याच्या गोंगाटावर मात करण्यासाठी आपण आवाज वाढवीत जातो आणि अमानतीची हानी होते. तिलावतीचा आवाजही प्रमाणाबाहेर असेल, तर कानाला इजा करतोच.

घरात पाळावयाच्या गोष्टी

१. वाद्यसंगीतापासून दूर राहावे. मुलांना केवळ मनाई न करता पर्याय द्यावा. जिक्र, वाद्यांविना हम्द-नात, दीनी व्याख्यान किंवा अभ्यासाचे धडे ऐकता येतात.
२. रस्त्यावर, रुळांजवळ आणि अंधारात कान मोकळे ठेवावेत. ऐकायचेच असेल तर गच्चीवर, अंगणात किंवा बंदिस्त मैदानात ऐकावे.
३. आवाज मोबाईलच्या कमाल पातळीच्या ६० टक्क्यांपेक्षा वाढवू नये. बाहेरचे आवाज पुसून टाकणारी सोय बंद ठेवावी.
४. पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने चालावे.
५. अजान सुरू होताच ऐकणे थांबवावे. कोणी समोर आले तर इअरफोन काढून सलाम करावा.
६. पालकांनी आधी स्वतः हे पाळावे. मुले सांगितलेल्यापेक्षा पाहिलेले लवकर उचलतात.

चाचांचा पाय आता बरा आहे. फजरनंतर मी बहुधा त्यांच्याबरोबरच चालतो. ते सावकाश चालतात, मधेमधे थांबतात, जुन्या गोष्टी सांगतात. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाचा सलाम आम्हा दोघांना ऐकू येतो. तिलावत मी घरी परतल्यावर, वुजू करून, बसून ऐकतो.

हे अल्लाह, आमच्या कानांना सत्य ऐकण्याची, आमच्या पायांना नम्रतेने चालण्याची आणि आमच्या अंतःकरणांना शेजाऱ्याची हाक ओळखण्याची सद्बुद्धी दे. आमीन.